डोळ्यांतलं पांढरं

फार पूर्वी अरिष्टपुरात राजा भद्रसेन राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने कबऱ्या घोड्यांच्या कुळात जन्म घेतला. त्याचं नाव शबल. पांढऱ्या अंगभर काळे-तांबूस ठिपके, खुरांवर उभे पट्टे, आयाळ विरळ, आणि शेपूट म्हणाल तर झिजलेला खराटा! रूपाच्या नावाने सगळा आनंदच होता. पण स्वभाव असा, की पाठीवर कावळा येऊन बसला तरी त्याची झोप मोडू नये म्हणून हा बिचारा हलायचा नाही.

कबऱ्यांची जातच तशी शांत. धोका दिसला की बाकीचे घोडे उधळतात. कबरे मात्र जागीच थांबतात आणि आधी विचार करतात. (माणसांनी हे शिकायला हवं होतं, पण ते असो.) दिवस मावळला की त्यांना नीट दिसत नाही. मग ते कानांनी ऐकत आणि नाकाने हुंगत चालतात. आणखी एक खूण म्हणजे त्यांच्या बुबुळांभोवती माणसाच्या डोळ्यासारखं पांढरं सदा दिसतं, झोपाळलेले असले तरीही.

याच पांढऱ्याने घात केला. डोंगराकडच्या लोकांनी शबलाचा सगळा कळप राजाला नजराणा म्हणून धाडला. राजाच्या पागेवर कात्यक नावाचा अश्वपरीक्षक होता. माणूस कामाचा चोख, पण एकदा बोलला की ब्रह्मवाक्य. इतर घोड्यांच्या डोळ्यांत पांढरं दिसतं ते घाबरल्यावर किंवा चिडल्यावरच. त्यावरून त्याच्या घराण्यात नियम ठरला होता, की डोळ्यांत पांढरं दिसलं तो घोडा दगाबाज. अशा घोड्याला झापडं लावून तेलाच्या घाण्याला जुंपायचं आणि मरेपर्यंत गोल फिरवायचं, अशी त्या नगराची चाल होती.

सकाळी कळप बघताच कात्यक म्हणाला, "महाराज, हे काय संकट दारात घेतलंत? बघा, बघा कसे डोळे वटारून उभे आहेत! सगळ्यांना आजच घाण्यावर पाठवा."

राजा मनाने हळवा होता. तो म्हणाला, "अरे, पण अजून कोणाला चावलेसुद्धा नाहीत."

"चावल्यावर शहाणपण येऊन काय उपयोग, महाराज?"

राजाने थोडा विचार केला. मग म्हणाला, "यांच्या म्होरक्याची चराची परीक्षा घे. तो परीक्षेला उतरला तर सगळे पागेत राहतील. नाही उतरला, तर तू म्हणतोस तसं."

चराची परीक्षा म्हणजे नगराबाहेर खणलेला खोल चर घोड्याने स्वाराला घेऊन ओलांडायचा. शत्रू नेमका दिवेलागणीला यायचा, म्हणून परीक्षाही दिवेलागणीलाच असे. घोडा बिचकतो का ते कळावं म्हणून दोन्ही बाजूंनी नगारे वाजवत.

कळपात चित्रा नावाची घोडी होती. तिचं शिंगरू अजून अंगावर पीत होतं. ती शबलाला म्हणाली, "दादा, माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण याच्या डोळ्यांवर झापडं चढली तर मला बघवणार नाही रे."

करंड नावाचा तरुण घोडा फुरफुरला. "त्या कात्यकाला एक लाथ घालतो, म्हणजे कळेल त्याला!"

"काय कळेल?" शबल म्हणाला. "आपण दगाबाज आहोत हे त्याचं म्हणणं खरं होतं, एवढंच कळेल. चित्रा, काळजी करू नकोस. चर काही मोठा नाही. मी ओलांडतो."

आणि तो ओलांडणारच होता. पण त्याच दिवशी कात्यकाने चर आणखी खोल करून घेतला होता. खोदकाम करणाऱ्यांपैकी उत्पला नावाची बाई विसरलेली कुदळ आणायला परत चरात उतरली, तोच अलीकडचा काठ ढासळला. ती छातीपर्यंत मातीत रुतली. तिने ओरडून ओरडून घसा फोडला, पण नगारे सुरू झाले होते. त्या दणदणाटात कोण ऐकणार?

कात्यक शबलावर स्वार झाला. राजा उंच आसनावर बसला. शबल वाऱ्यासारखा निघाला. काठापाशी येतो न येतो तोच त्याच्या टापांना खालची जमीन पोकळ लागली. नाकात ओल्या मातीचा आणि माणसाच्या घामाचा वास शिरला. नगाऱ्यांच्या आड त्याला कोणाचा तरी धापा टाकणारा श्वासही ऐकू आला. इथून उडी घेतली तर उरलेला काठ त्या जिवावर कोसळणार, हे त्याला कळलं. थांबलो तर चित्राचं शिंगरू घाण्याला जाणार, हेही कळलं.

शबल थांबला.

कात्यकाने टाच मारली. मग चाबूक ओढला. पाठीवर वळ उठले, रक्त आलं. शबलाने मान खाली घातली आणि एकेक पाऊल मागे घेत पक्क्या जमिनीवर येऊन उभा राहिला. तो उसळला नाही, की त्याने स्वाराला पाडलं नाही. लांबून चित्रा बघत होती. तिने शिंगराला पोटाशी घेतलं.

"बघितलंत, महाराज?" कात्यक ओरडला. "भित्रा तो भित्रा, वर अडेलतट्टू!"

राजाने जड मनाने हात वर केला. परीक्षा संपली. नगारे थांबले.

त्या शांततेत चरातून खोल गेलेला आवाज आला. "अहो, कोणी आहे का? मला वर काढा हो..."

लोक मशाली घेऊन धावले. दोर सोडले, हातांनी माती उपसली आणि उत्पलेला वर काढलं. टापांनी काठ हादरला आणि मग टापा मागे सरल्या, हे तिला खालून कळलं होतं. लंगडत गेली आणि शबलाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

राजा म्हणाला, "कात्यका, मशाल घे आणि त्याच्या डोळ्यांत बघ."

कात्यकाने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो म्हणाला, "महाराज, पांढरं सकाळी होतं तेवढंच आहे. एवढा मार खाऊनही ते वाढलं नाही. हा माझ्यावर चिडलाच नव्हता."

राजा खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "शबला, तुझा कळप माझ्या पागेत मानाने राहील. आता या कात्यकाला कोणती शिक्षा देऊ?"

राजाने हात जोडताच शबलाला मनुष्यवाणी फुटली. तो म्हणाला, "महाराज, त्याला कामावरून काढू नका. नवा परीक्षक आला तर तोही घराण्याचा नियम घेऊनच येईल. याचा नियम आज मोडला आहे."

राजाने ते मानलं. त्या नगरात घोड्याला झापडं लावायची चाल बंद झाली.

पुढे तोच बोधिसत्त्व बुद्ध झाला. त्या शास्त्यांनी ही कथा सांगितली ती सुप्पक नावाच्या भिक्षूला. विहारात जटिल नावाचा एक नवा भिक्षू आला होता. त्याच्या भुवया जाड आणि डोळे मोठे. बघावं तेव्हा रागावल्यासारखा दिसे. "भन्ते, त्याच्याशेजारी बसायला भीती वाटते. त्याला दुसऱ्या विहारात पाठवा," अशी सुप्पकाने तक्रार केली होती.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा भद्रसेन म्हणजे आजचा स्थविर धम्मरुची. कात्यक म्हणजे आपल्या विहाराचा द्वारपाल वप्पक. चित्राचं शिंगरू म्हणजे हा जटिल. शबल मी स्वतः होतो."

सुप्पक मान खाली घालून म्हणाला, "आणि मी, भन्ते? मी करंड होतो का?"

"नाही, बाळा. चरात रुतलेली उत्पला तू होतास. तुझा जीव वाचावा म्हणून त्या शिंगराचं आयुष्य पणाला लागलं होतं."

सुप्पकाच्या डोळ्यांना धारा लागल्या. तो उठला, आपलं आसन उचललं आणि जटिलाच्या शेजारी नेऊन अंथरलं. जटिल त्याच मोठ्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिला आणि मग सरकून त्याने जागा करून दिली.

मार खाऊनही ज्याच्या मनात राग उगवत नाही आणि आपलं सगळं जात असतानाही ज्याला परक्याचा श्वास ऐकू येतो, त्याच्या त्या गुणाला क्षांती म्हणतात.