खुंटीवरची माळ

माझ्या सासरी माळकऱ्याला मटण खायचं असलं, की तो गळ्यातली तुळशीची माळ खुंटीला टांगतो, हाडं चघळतो, चूळ भरतो आणि माळ पुन्हा घालतो. तेवढ्या वेळात देवाला काही दिसत नाही, अशी सगळ्यांची खात्री आहे.

लग्नानंतरच्या जत्रेच्या जेवणात चुलत सासरे दौलतराव भर पंगतीत गरजले, "नव्या सुनेनं मटणाचा पहिला घास घेतल्याशिवाय आमच्यात कुणी जेवत नाही. माळ काढा, सूनबाई!"

"मामंजी, माळ घातल्यापासून मी मटणाला शिवले नाही."

"अहो, दोरा आणि मणी, दुसरं काय असतं त्यात? तेवढ्यापुरती टांगा. नाहीतर उद्याच्या गाडीनं माहेरी जा."

पंगत हसली. माझा नवरा पत्रावळीतलं मीठ निरखत बसला.

मी उठून खुंटीपाशी गेले आणि मंगळसूत्राला हात घातला.

"अगं अगं, हे काय!"

"हाही दोरा आणि मणीच, मामंजी. माळ जेवणापुरती काढलेली चालते, तर हेही चालेल. आधी हे टांगते. म्हणजे तेवढा वेळ मी या घरची सूनच नाही. मग पहिला घास कुणी घ्यायचा, ते तुम्ही बघा."

वाढायला उभ्या असलेल्या दौलतरावांच्या बायकोनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"थांब गं पोरी, खुंटीवर मलाही जागा ठेव. माझ्या मानेलाही जरा आराम."

"आधी सूनबाईंना पिठलं वाढा!" दौलतराव ओरडले.