धुतलेली अंडी

पूर्वी वेळुपूर नगरावर राजा सुतसेनाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व कोंबड्या पाळणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचं नाव खेमक, बायको उप्पली. लेक वसुमती पहिल्या खेपेची गरोदर होती.

शत्रूचा वेढा पडला. गुरं कापून संपली, दूध गेलं. राजाने हुकूम काढला, घरोघरची निम्मी अंडी कोठारात द्यावीत. ती बाळंतिणींसाठी राखायची. सूतिकागृह आणि कोठार दोन्ही सुलसा नावाच्या बाईच्या हाती होती.

खेमकाने अंडी नेली. सुलसा म्हणाली, "तुमच्या हातची आहेत. धुतल्याशिवाय आत घेणार नाही."

"बाई, पाणी लावू नका. अंड्यावर लेप असतो, डोळ्यांना दिसत नाही. तो गेला की कवचाच्या बारीक भोकांतून घाण आत शिरते. कोरड्या फडक्याने पुसा, टोक खाली करून गार राखेत ठेवा. खायच्या वेळी काय धुवायचं ते धुवा."

"कोंबडीवाल्यानं मला स्वच्छता शिकवायची का?"

दासी हसल्या. सगळ्या नगराची अंडी हौदात बुडवून घासली. चकाचक दिसली. दिसणारच.

पंधरवड्यात अंडी नासली. सुलसाने भीतीपोटी ते लपवलं आणि बाळंतिणींना नुसतं कोंड्याचं पाणी पाजलं. सूतिकागृहात पुरुषांना मज्जाव, बाहेरच्या बायकांनाही. आत काय चाललंय ते कोणाला कळलं नाही. वसुमती तिथेच बाळंत झाली, सहाव्या दिवशी गेली. बाळ तिच्याआधी गेलं. खेमकाला हे सगळं कळलं ते दोघांना बाहेर आणल्यावर.

खेमकाच्या घरी राखेत तेवीस अंडी होती. आपल्या वाट्याची, लेक घरी आली की तिला द्यायची म्हणून ठेवलेली.

तिसऱ्या दिवशी सुलसा दाराशी आली. उंबऱ्याबाहेरच बसली. "माझी सून बाळंत झालीय. अंगावर दूध नाही."

उप्पली म्हणाली, "मग कोंडा पाज. माझ्या लेकीला पाजलास तसा."

खेमक राख बाजूला सारू लागला.

"देऊ नकोस," उप्पली म्हणाली. "कुजू देत. फोडून टाक, पण देऊ नकोस."

"ती पोरगी उपाशी आहे, उप्पली."

"आपली नव्हती?"

रडत रडत त्याने तेवीसच्या तेवीस अंडी टोपलीत भरली आणि सुलसाच्या हातात दिली. सून जगली, बाळ जगलं. वसुमती काही परत आली नाही. उप्पली मरेपर्यंत नवऱ्याशी बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

एवढं सांगून शास्ते, भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाची सुलसा म्हणजे काल जिने गिलानशाळेतल्या आजाऱ्याला शिवायला नकार दिला ती भिक्खुणी. ते वाचलेलं बाळ म्हणजे तो आजारी भिक्खू. उप्पली या जन्मीही माझ्यासमोर येत नाही. खेमक मीच होतो."

या गुणाला मैत्री म्हणतात, म्हणजे वैऱ्याचंही भलं चाहणं. तिने दुःख हलकं होत नाही. तरी ती करायची.