पगडीतलं पाणफूल

सोनवडीच्या तळ्यातलं निळं पाणफूल संपत आलं, तेव्हा सरकारांनी ते वाचवायला दरबार भरवला. कुणी म्हणालं कुंपण घाला, कुणी म्हणालं पहारा बसवा. सरकारांच्या आत्यासाहेब मात्र नुसत्या पगड्या न्याहाळत होत्या. सरकार रोज पगडीत तेच फूल खोचत, म्हणून सगळा दरबारही खोचायचा. देठावर फूलच उरेना, मग बी धरणार कुठून?

"आत्यासाहेब, तुम्ही बोला!" सरकार गरजले.

"दवंडी पिटवा, सरकार. हे फूल जो पगडीत खोचेल, तो गाढव समजला जाईल."

"वा! आत्ताच पिटवतो!"

"आत्ता नको," आत्यासाहेब शांतपणे म्हणाल्या, "आधी दरबार उठू द्या."

सरकारांचा हात हळूच पगडीकडे गेला.