कुर्लीचं छत

माणसांनी रानात पायवाट पाडली, त्याच्याही आधीची गोष्ट. वहाळाच्या काठावर तिबोटी नावाची खंड्याची इवलीशी पाखरीण अंड्यांसाठी मातीत बीळ कोरत होती. बीळ होत आलं, तेवढ्यात खालच्या बिळातून कुर्ली, म्हणजे खेकड्याची मादी, म्हणाली, "बाई, आणखी खणलंस तर माझं छत पडेल. आत पिल्लं आहेत."

"तिनं जावं दुसरीकडे," तिबोटीचा नर म्हणाला. "आपलीही वेळ भरत आलीय."

तिबोटीला खालची चुळबुळ ऐकू आली. ती मागे फिरली आणि थोडं पलीकडे तिनं नव्यानं चोच मारली. संध्याकाळपर्यंत ती पार थकून गेली.

सकाळी पाहते तो नवं बीळ चांगलं खोल गेलेलं. आतून मातीनं माखलेली कुर्ली बाहेर आली.

"तुला चोच एकच," ती म्हणाली. "मला नांग्या दोन आहेत."