गंध्याच्या घरचे पिल्लू

पूर्वी गोदावरीच्या काठच्या एका नगरात शतवर्मा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका गंध्याच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव नंदिक. सुगंधी तेले करणे हा त्याचा पिढीजात धंदा. नाक असे तयार की वाटेने जाणाऱ्याने सकाळी काय खाल्ले ते तो ओसरीवर बसून सांगे. अर्थात कुणी विचारले तरच, कारण न विचारता असे सांगणारा माणूस शेजाऱ्यांना फार दिवस आवडत नाही. त्याच्या बायकोचे नाव रेवती. ही कथा जितकी बोधिसत्त्वाची तितकीच तिचीही आहे.

त्यांना एकच मुलगी होती, कुमुदी. लग्न होऊन ती सह्य पर्वताच्या पलीकडे, समुद्रकाठच्या गावी गेली होती. तिकडे व्यापाऱ्यांचा तांडा जाई तो वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी. परत येताना तो निरोप आणी, 'कुमुदी सुखी आहे.' सुखी आहे असे सगळ्याच लेकी कळवतात. त्या दोन शब्दांत रेवतीला आपली मुलगी कुठे सापडत नसे.

गंध्यांच्या कुळात एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की तिला उटणे लावायचे, वाळ्याच्या पाण्याने न्हाऊ घालायचे आणि अंगावर सगळे नवे कोरे नेसवायचे. जुने एक सूतही बरोबर द्यायचे नाही. जुना वास अंगाला राहिला तर नव्या घरी जीव रमत नाही, असे त्यांच्यात म्हणत. निघायच्या दिवशी कुमुदीने लहानपणापासूनची आपली गोधडी मागितली होती.

"आई, एवढी एक देशील?"

"वेडी का तू?" रेवती म्हणाली होती. "गंध्याची लेक मळकी गोधडी घेऊन आली म्हणून हसतील ना लोक."

लोक हसले नाहीत, कारण गोधडी गेलीच नाही. ती रेवतीच्या पेटीत तळाशी राहिली. घरात कुणी नसले की रेवती पेटी उघडून गोधडीत तोंड खुपसून बसे आणि लेकीचा वास शोधी. तो दिवसेंदिवस विरत चालला होता. ज्या घरात फुलांचा वास धरून ठेवायची विद्या होती, त्या घरात हा एक वास धरून ठेवता येत नव्हता, आणि हे दुःख तिने नवऱ्यालाही सांगितले नव्हते.

त्या वर्षी वसंतोत्सवासाठी राणीचे मोगऱ्याचे तेल नंदिकाकडे होते. हे तेल करायचे तर आधी तीळ धुऊन, सोलून, वाळवून पाट्यांत मोगऱ्याच्या कळ्यांच्या थरांत ठेवतात. तिळाला वास धरायची मोठी हौस. रोज फुले बदलायची, आणि तीळ पुरते गंधाळले की घाण्याला लावायचे. याला ते 'तीळ फुलात बसले' असे म्हणत. तीळ फुलात असले की गंध्याच्या घरी कांदा चिरत नसत, फोडणी परसात देत, आणि पाहुण्याला सुद्धा पाय धुतल्याशिवाय आत घेत नसत.

आणि नेमके त्याच वेळी कोठीत उंदीर झाले. म्हणून रेवतीने नदीकाठच्या जिवली कोळणीकडून मांजरीचे एक पिल्लू आणले. उंदरांसाठीच आणले, असे ती विचारील त्याला सांगे, न विचारणाऱ्यालाही सांगे.

पिल्लू राखाडी होते, मुठीत मावेल एवढे. त्याला मासळीचा असा वास येत होता की रेवतीने आधी नाकाला पदर लावला. मग तिने रीतीप्रमाणे सगळे केले. कोमट पाण्यात वाळा घातला, पिल्लाला न्हाऊ घातले, चंदनाची उटी लावली, नव्या टोपलीत नवे वस्त्र घालून त्यात ठेवले. पिल्लू थरथरत होते. तिने हात बाजूला केला मात्र, ते उसळले आणि तिळांच्या कोठीत शिरून भिंत आणि पाट्यांच्या मधल्या फटीत दिसेनासे झाले.

ते बाहेर येईना. दुधाची वाटी ठेवली, तिच्यावर साय धरली. कुणी तोंड लावले नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. हे डोळे टक्क उघडे ठेवून उपाशी राहिले. रेवतीने गोड बोलून पाहिले, ओरडून पाहिले, शेवटी फटीत हात घालून ओढायला गेली तेव्हा तिच्या मनगटावर ओरखडे उठले. दुसऱ्या दिवशी आतून येणारा आवाजही बारीक झाला.

"मी काय वैरीण आहे का तुझी?" ती फटीशी तोंड नेऊन म्हणाली. "सगळं नवं दिलं, दूध दिलं. आणखी काय हवं तुला?"

नंदिक दारात उभा होता. तो आत आला, जमिनीवर पालथा झोपला आणि फटीशी नाक नेऊन बराच वेळ हुंगत राहिला. पिकल्या केसांचा गृहस्थ असा उंदरासारखा पडलेला पाहून एरवी रेवती हसली असती.

"याला चंदनाचा वास येतोय," तो म्हणाला. "वाळ्याचा येतोय, मोगऱ्याचा येतोय. याच्या आईचा कुठेच येत नाही. याचा स्वतःचासुद्धा येत नाही."

"मी त्याला स्वच्छ केलं होतं."

"हो. फार स्वच्छ केलंस." तो उठून बसला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते तिला लागले. "जिवलीकडे जा. ते ज्याच्यावर झोपत होतं ते मागून आण. न धुता आण."

"मासळीचं फडकं? या कोठीत? अहो, तीळ फुलात आहेत!"

"तीळ काढता येत नाहीत. पाट्या हलवल्या तर त्याच त्याच्यावर कोसळतील. आणि पिल्लाला तर उद्याची सकाळ दिसेल असं मला वाटत नाही."

"आणि राणीचं तेल?"

नंदिकाने फुलांच्या त्या पाट्यांकडे पाहिले. त्या तेलावर त्याचे नाव उभे होते, त्याच्या बापाचेही. "तीळ पुढच्या वर्षीही पिकतील," तो म्हणाला. "तू जा."

रेवती नदीवर गेली तेव्हा जिवली जाळे विणत होती. सगळे ऐकून ती अशी हसली की तिच्या हातातला दोरा सुटला.

"न्हाऊ घातलं? मांजराच्या पोराला? चंदन लावलं? आता बाई, कुंकूबी लावायचं हुतं की!"

मग रेवतीचा चेहरा पाहून ती हसायची थांबली. झोपडीच्या कोपऱ्यातून तिने एक तागाचे फडके ओढून काढले. मांजर त्याच्यावरच व्याली होती. तेवढ्यात ती मांजरही आली. तिने रेवतीचे हात हुंगले, पदर हुंगला, ओरखडे उठलेले मनगट पुन्हा पुन्हा हुंगले आणि तोंडाकडे पाहून ओरडू लागली.

"नेलं तवापासनं हुडकतीया," जिवली म्हणाली. "दारोदार जाऊन बघती. इसरंल चार दिसांत."

"विसरते?"

जिवलीने जाळे पुन्हा मांडीवर घेतले. "आपन म्हनायचं तसं. तिला कुनी इचारलंय?"

रेवती फडके उराशी धरून परतली. बाजारातून जाताना लोकांनी नाके धरली. गंध्याच्या बायकोच्या अंगाला मासळीचा वास, ही त्या दिवशी गावाला मोठीच करमणूक झाली. तिला त्याचे काही वाटले नाही. तिच्या कानात त्या मांजरीचे ओरडणे होते.

कोठीच्या उंबऱ्यावर मात्र तिचे पाऊल अडले. आत मोगरा घमघमत होता. नंदिकाने तिच्या हातातले फडके घेतले, आत जाऊन फटीच्या तोंडाशी अंथरले, जवळ दूध ठेवले आणि बाहेर येऊन उंबऱ्यात आतल्या बाजूला पाठ करून बसला.

"ये. अशीच बस. बघायचं नाही, बोलवायचं नाही."

"मग मी करू काय?"

"तू इथे आहेस एवढं त्याला कळू दे. पुढचं त्याच्याकडे."

रेवती बसली. दोघांच्या मध्ये कळ्यांची परडी होती. ती देठ खुडू लागली. आयुष्यात तिने पुष्कळ कष्ट केले होते, पण मागे वळून न पाहण्याएवढे जड काम तिला कधी पडले नव्हते. हात सारखे मागे जाऊ पाहत. माया करायची म्हणजे ओढून जवळ घ्यायचे, एवढेच त्या हातांना ठाऊक होते.

बऱ्याच वेळाने मागे काहीतरी खसफसले. मग फडक्यावर नखे रुतल्याचा आवाज आला, आणि मग लप लप लप. रेवतीचे डोळे भरून आले. ती तशीच समोर पाहत राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तिकडे कुमुदीसाठी कुणी असं बसलं असेल का हो? तिच्याकडे पाठ करून?"

"मला माहीत नाही," नंदिक म्हणाला.

बसले असेल, असे तो सहज म्हणू शकला असता. तो तसे म्हणाला नाही, आणि दोघे कितीतरी वेळ नुसतीच देठ खुडत बसली.

त्यानंतर रेवती रोज तिथे बसू लागली. पिल्लू आधी फडक्यापर्यंत आले, मग उंबऱ्यापर्यंत. एके दुपारी तिच्या पाठीला काहीतरी ऊबदार टेकले आणि तिथेच घुरघुरू लागले. तिने श्वाससुद्धा जपून घेतला.

इकडे तिळांनी आपला धर्म सोडला नाही. जे जवळ आले ते त्यांनी धरले. राजाचा भांडारी आला, त्याने तेलाचा थेंब तळहातावर चोळून हुंगला आणि त्याचे डोळे विस्फारले. मोगरा होता, पण मोगऱ्यामागे गोदावरीचा सगळा घाट होता.

"हे राणीसाहेबांनी केसांना लावायचं?"

"नाही, स्वामी," नंदिक हात जोडून म्हणाला. "हे लावण्यासारखं नाही. कोठीत मांजरीचं पिल्लू होतं. ते जगावं म्हणून मी तीळ बिघडू दिले."

"उद्यापासून राजवाड्याचं तेल दुसरा गंधी करील. एका मांजरीच्या पोरासाठी सगळं गमावलंस, हे कळतंय ना तुला?"

"कळतंय," नंदिक म्हणाला.

गावाने त्याला 'मासळीगंधी' असे नाव ठेवले. कुणी तशी हाक मारली की तो ओ देई. रेवतीला मात्र पहिले काही दिवस ते झोंबे. पिल्लू मांडीवर येऊन झोपले की ती विसरून जाई.

पावसाळा जवळ आला. तांडा निघायची हाकाटी झाली तशी रेवतीने पेटी उघडून गोधडी काढली आणि नवऱ्यापुढे ठेवली. कुठे लपवली होती, का लपवली होती, सगळे सांगून टाकले.

"तुमच्या नाकाला खोटं सांगता येत नाही," ती म्हणाली. "अजून आहे का हिच्यात तिचा वास? माझ्यासाठी म्हणून काही बोलू नका."

नंदिकाने गोधडी तोंडाशी धरली. किती वेळ, कोण जाणे. बापालाही मुलगी असते, हे रेवतीला त्या क्षणी पहिल्यांदा दिसले.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "कुमुदीचा वास गेला, रेवती. आता हिला सगळा तुझाच लागला आहे."

रेवती ओक्साबोक्शी रडली. इतके दिवस आपण लेकीला शोधत होतो आणि शोधता शोधता तिला पुसत होतो, असे तिला वाटले. पिल्लू घाबरून पेटीत शिरले. ते पाहता पाहता तिचे रडणे हळूहळू थांबले. मग तिने डोळे पुसले, गोधडीची घडी घातली आणि तशीच उठून तांड्याच्या वाटेला लागली.

तांड्याचा नायक गोधडी पाहून कचरला. "बाई, लेकीच्या सासरी द्यायची, तर धुऊन तरी द्यायची."

"नाही," रेवती म्हणाली. "अशीच द्या. आणि वाटेत उन्हात घालू नका, दादा. एवढं माझं ऐका."

घरी येऊन तिने पेटीत पाहिले. तळाशी गोधडीच्या जागी पिल्लू झोपले होते. तिने झाकण उघडेच ठेवले.

तांडा परतला तेव्हा नायक आपणहून दाराशी आला. तो सांगू लागला, "निरोप काही दिला नाही पोरीनं. गोधडी हातात दिली, तर तिथंच, दारात, सासूसासऱ्यांदेखत तोंडाला लावली. मी निघालो तरी तशीच उभी होती."

रेवतीने तो निरोप आयुष्यभर पुरवला.

पुढे बोधी मिळवून शास्ता, म्हणजे गुरू, झालेल्या बोधिसत्त्वाने ही कथा सांगितली तेव्हा विहारात घर सोडून नुकतीच आलेली एक लहानशी श्रामणेरी, म्हणजे शिकाऊ भिक्षुणी, होती. ती कोपरा सोडत नव्हती, अन्नाला शिवत नव्हती, आणि वडीलधारी भिक्षुणी थेरी सुभगा तिला दंडाला धरून सभेत घेऊन आली होती. शास्ता म्हणाला, "त्या वेळचे पिल्लू म्हणजे ही मुलगी. त्या वेळची रेवती म्हणजे सुभगा. त्या वेळी नाके धरणारे गावकरी म्हणजे आज हिला हसणारे तुमच्यातले काही जण. आणि मासळीगंधी नंदिक मी होतो."

सुभगेने मुलीचा दंड सोडला. मुलगी धावत कोपऱ्यात गेली. थेरी उठली, जाताना मुलीच्या घरून आलेले, अजून न धुतलेले उपरणे तिच्याजवळ ठेवले, आणि तिच्याकडे पाठ करून दारात बसली.

ज्याच्यावर जीव आहे त्याला ओढून न घेता त्याची वाट पाहत बसणे, याला क्षांती म्हणतात. बोधिसत्त्वाने त्या जन्मी ही पारमिता, म्हणजे बोधीसाठी लागणारी ही साधना, पुरी केली.