झावळीची खूण

वसईतल्या एका चर्चमध्ये नवंकोरं बायबल आलं, तेव्हाची गोष्ट. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी कुणीतरी विणलेली झावळीची पात जुन्या बायबलात खुणेला असे. ती आता नव्यात ठेवली.

बायबल कुरकुरलं, "सगळं माझ्यात लिहिलंय. तू कशाला?"

पात म्हणाली, "मला अक्षर येत नाही. पण माणसं कुठं थांबून रडली, ते ठाऊक आहे."

"हो बाजूला!" बायबलानं तिला खाली पाडलं.

तेवढ्यात रेमेतमाय आली. तिचा एकुलता मुलगा समुद्रानं नेला होता. तिनं बायबल उघडलं, तर समोर नुसती वंशावळ. ती ते मिटू लागली.

बायबल कळवळलं. "पाती, ये गं! हिचं पान कुठलं?"

पात उडी मारून थेट त्या पानात शिरली आणि ते पान उघडलं. तिथं मुलगा गमावलेल्या विधवेजवळ येशू थांबला होता.

रेमेतमायही तिथंच थांबली, आणि पोटभर रडली.