मोहटेकडीचं पहिलं पदक

मोहटेकडीवरच्या विद्यापीठात पदवीदानाच्या दिवशी नवा माणूस हमखास गोंधळतो. विद्यापीठात पहिलं आलेलं मूल मंचावर येतं आणि कुलगुरू पदक धरून विचारतात, "कुणाच्या गळ्यात घालू?" मूल एक नाव घेतं. मंडपातून ते माणूस उठतं. कधी आई असते, कधी थोरला भाऊ, एकदा तर खानावळीच्या काकू होत्या. पदक त्यांच्या गळ्यात पडतं, आणि पहिलं आलेलं मूल रिकाम्या हातांनी बाजूला उभं राहतं. नाव काढून परतलेल्या माजी विद्यार्थ्यांचंही तेच. न्यायाधीश असो की शास्त्रज्ञ, सत्काराची शाल दुसऱ्याच कुणाच्या खांद्यावर.

पाहुण्यांना टेकडी दाखवताना गोविंदराव पाखमोडे मोहाच्या झाडाखाली थांबतात. ग्रंथालयातून ते कधीचे निवृत्त झाले, टेकडी काही सुटली नाही. झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे. ही रीत इथून सुरू झाली, असं सांगतात. खरंखोटं या दगडातली आई जाणे, अशी पुस्तीही गोविंदराव जोडतात.

विद्यापीठ नवंकोरं होतं तेव्हाची गोष्ट. टेकडीखालच्या गावातली अनुसया नान्हे तत्त्वज्ञान शिकायला यायची. लग्न झालेलं, पदरात तान्ही मुलगी. मुलीला सासूपाशी, यमुनाबाईंपाशी, ठेवून ती टेकडी चढायची, पण अर्धा जीव खालीच राहायचा. पोरीनं दूध घेतलं असेल का, पाळण्याची दोरी नीट बांधली असेल का. धूर दिसला म्हणजे आग असणार, असं तर्काच्या तासाला शिकवत. हिचं अनुमान निराळंच. घराकडून आवाज येत नाही, म्हणजे पोर पडली असणार. म्हणे, रोज धापा टाकत घरी पोचायची, तर पोर आजीच्या मांडीवर मुरमुरे चिवडत बसलेली.

निकाल लागला. अनुसया साऱ्या विद्यापीठात पहिली आली, सोन्याचं पदक जाहीर झालं. गावात पेढे वाटून व्हायच्या आतच पोरगी तापली. ताप इतका चढला की झटका आला. डॉक्टर नदीपलीकडे, आणि नदीला पूर. यमुनाबाई पोरीपाशी बसल्या, अनुसया काठाकडे धावली. डोंगेवाल्यानं डोंगा पालथा घालून ठेवला होता.

"आज नाही बाई," तो म्हणाला. "तुले नेलं तं दोघंही जाऊ. मंग पोरीले कोन पाहीन?"

रिकाम्या हातांनी घरात पाऊल टाकायची तिची छाती होईना. पाय आपसूक टेकडीकडे वळले. या दगडाला गाव आई म्हणायचं. अनुसया इतकी वर्षं त्याच्यावरून गेली, कधी हात जोडले नव्हते. त्या दिवशी ती तिथे बसली. नवस बोलावा तर कशाचा? कोंबडं सासूचं, बकरी दिराची. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, आणि तेही अजून हातात आलेलं नव्हतं.

"माझी पोरगी जगू दे," ती म्हणाली. "पदकाला मी हात लावणार नाही."

शब्द तोंडातून गेले आणि तिला स्वतःचीच लाज वाटली, असं सांगतात. तर्कात पहिली आलेली बाई दगडाशी सौदा करून बसली होती. पण शब्द तिनं मागे घेतले नाहीत. ती घरी आली तेव्हा पोरीला घाम फुटला होता. आई पावली, की यमुनाबाईंनी दिवसभर बदललेल्या ओल्या पट्ट्या पावल्या, याचा निवाडा तिला जन्मभर करता आला नाही. नवसाचं मात्र ती कुणाशी बोलली नाही.

पदवीदानाचा दिवस आला. सभागृह नव्हतं, म्हणून नाटक मंडळीचा मंडप भाड्यानं आणला होता. नाटकवेड्या या झाडीपट्टीच्या मुलखात मंडप दिसला की लोकांना नाटकच दिसतं. गावंच्या गावं बैलगाड्या जुंपून, शिदोऱ्या बांधून आली. पहिल्याच पदवीला लोकांनी वन्स मोअर दिला, म्हणे. पदवी एकाला एकदाच मिळते, हे कुलसचिवांना माईकवरून समजावावं लागलं.

मग अनुसयाचं नाव पुकारलं. पोरीला मांडीवर घेऊन ती बसून राहिली. पुन्हा पुकारलं. यमुनाबाईंनी कोपरानं ढोसलं, तेव्हा तिनं खालच्या आवाजात नवसाचं सांगितलं. म्हातारी चिडली नाही.

"तू हात लावणार नाही बोललीस," ती म्हणाली. "मले द्याचं नाही, असं तं नाही ना बोललीस?"

"पण आई कोपली तर? पोरीला काही झालं तर?"

"त्या रोजी पोरीच्या उशाशी कोन होतं?" एवढं विचारून यमुनाबाई उठल्या.

मंचावर लुगड्यातली म्हातारी पाहून कुलगुरूंनी आपण कोण म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "माही सून शिकाले येत होती तवा तिचं लेकरू म्या सांभाळलं."

नियमात हे बसत नव्हतं. तरी कुलगुरूंनी पदक यमुनाबाईंच्या गळ्यात घातलं. त्या वेळी कुणी वन्स मोअर दिला नाही. सारा मंडप उभा राहिला होता.

पुढे अनुसया मोठ्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाची विभागप्रमुख झाली. केस पिकल्यावर तिला इथे सत्काराला बोलावलं. तोवर यमुनाबाई गेल्या होत्या. पोरगी संसारी बाई झाली होती, तीच आजीचं पदक घेऊन आली. नवसाची गोष्ट ऐकून असलेल्या नव्या कुलगुरूंनी आग्रह धरला, "बाई, आता तरी हातात घ्या. नवस केव्हाच फिटला."

अनुसयानं दोन्ही हात पदराखाली घेतले. "जगू दे म्हणाले होते मी," ती म्हणाली. "ती अजून जगतेच आहे ना."

आणि शाल तिनं लेकीच्या खांद्यावर घालायला लावली.

आजही पदवीदानाला कुलगुरू तो प्रश्न विचारतात. मूल नाव घेईपर्यंत मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या बाया, शिकलेल्या आणि न शिकलेल्या, हळूच त्याच्या कपाळाला हात लावून पाहतात.